सावळेरामचा रंगीत टीव्ही

"मागचं झाकण तेवढं उघडायचं न्हाई," ठकूबाईने पुन्हा एकदा सांगितलं आणि चहाची कपबशी सुदर्शनपुढे सरकवली.

सुदर्शनने पेचकस खिशात घातला. नारायणगावचा हा माणूस जुने रंगीत टीव्ही गोळा करायचा. ब्याऐंशीच्या एशियाडच्या सुमाराला आलेले, लाकडी पेटीचे, पुढे सरकती दारं असलेले. लोकांनी ज्यांत कोंबड्या उबवायला बसवल्या होत्या असले सेट तो उचलून न्यायचा, पुसूनबिसून परत बोलते करायचा. घरात बायकोला बसायला जागा उरली नाही, असं त्यानेच पहिल्या खेपेला सांगितलं होतं. त्यामुळे तो ठकूबाईला आवडला होता, आणि तीच पंचाईत झाली होती.

त्याला ही खबर लागली ती मंचरच्या टपरीवर. ठकूबाईचा शेजारी गेणभाऊ तिथं तिच्या नवऱ्याचा, सावळेरामचा, नेहमीचा किस्सा सांगत होता. वाडीत कुणी फुशारकी मारली की लोक विचारायचे, "सावळेरामचा रंगीत टीव्ही का रं ह्यो?" टपरीवरचे सगळे हसले. सुदर्शनने मात्र त्या टीव्हीला सरकती दारं होती का, एवढंच विचारलं. आणि पारगावची एसटी धरून, पुढचं अंतर चालत, थेट वाडीत आला.

आता ही त्याची कितवी तरी खेप. जुन्नरला तो प्रदर्शन भरवणार होता. त्यात हा टीव्ही मधोमध ठेवायचा, या भागातला पहिला रंगीत टीव्ही म्हणून, खाली सावळेरामच्या नावाची पाटी. फक्त त्याआधी उघडून खात्री करायला हवी. अशाच पेटीत काळापांढराही यायचा, असं तो म्हणाला.

खात्रीचं नाव निघालं की ठकूबाई उठून चहा टाकायची.

सावळेराम वायरमन होता. अख्ख्या वाडीत त्याच्या शब्दाला किंमत. हा एक टीव्ही सोडला तर तो कधी कुणाशी खोटं बोलला नाही. गेणभाऊच्या पोराने पुण्याहून खराखुरा रंगीत टीव्ही आणला तेव्हा वाडीने दोन्ही पाहिले आणि काय ते ओळखलं. तरी सावळेराम हसून म्हणायचा, "आमचाबी रंगीतच हाय." वाद घालायचा नाही. तो गेल्यावर टीव्हीनेही मान टाकली. मग त्याच्या माघारी तेच वाक्य ठकूबाई म्हणत राहिली. आपल्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच तिला कळत होतं.

पण वाडीतली चेष्टा वेगळी आणि जुन्नरात पाटी लावून होणारी वेगळी. मेलेल्या माणसाला सारा तालुका हसणार. त्यापेक्षा एकाच माणसाच्या कानात सांगितलेलं बरं. आणि हा माणूस तसा बरा होता.

"सुदर्शनभाऊ," ती म्हणाली, "नका लावू पाटी. ह्यो काळापांढराच हाय. त्याला मी कागद लावला व्हता."

त्याला लगेच कळलं. तीन रंगांचा प्लॅस्टिकचा कागद, वर निळा, मधे नारिंगी, खाली हिरवा. काळ्यापांढऱ्या टीव्हीच्या काचेवर चिकटवला की माणसांचे केस निळे दिसायचे आणि धोतरं हिरवी. लोक त्यालाच रंगीत म्हणायचे.

मग ठकूबाईने सगळं सांगितलं. टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हाच, रंगीत काही परवडायचा नाही असं धरून, तिने गुपचूप अंडी विकून जुन्नरच्या बाजारातून तो कागद आणला होता आणि गोधड्यांच्या घडीत लपवला होता. पुण्याच्या कुणा साहेबाची बदली झाली, तो सामान काढत होता, त्याच्याकडून सावळेरामने टीव्ही घेतला. चादरीत बांधून एसटीच्या टपावरून आणला. वाडीला धड टीव्हीच माहीत नव्हता, तिथं कुठला कसला हे कोण विचारणार. सावळेराम घरात आला तो लहान पोरासारखा खुशीत. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण ठकूबाईला दम कुठला. तिने आधी कागद काढला, काचेवर नीट चिकटवला, आणि म्हणाली, "बघा, मी तुमचा टीव्ही रंगीत केला."

"मग?" सुदर्शनने विचारलं.

"मग काय. बगत राहिले माझ्याकडं. लई झ्याक झालं म्हणले. अन चहा हुईस्तवर मागं खुडबुडत बसले. टपावर हादरून वायर ढिली झाली आसंल म्हणले. सांजच्याला लावला, तर सगळी वाडी दारात. समद्यांना सांगत व्हते, हिनं रंगीत केला, हिनं रंगीत केला."

तिने पदराने तोंड पुसलं. आता लपवायला काही राहिलं नव्हतं. सुदर्शनने पेचकस काढला तेव्हा तिने नाही म्हटलं नाही. उलट पेटी फिरवायला हात लावला.

झाकण निघालं. कोळ्याची जाळी बाजूला करून सुदर्शनने बॅटरी आत धरली. एकेक वायर बोटाने चाचपत तो तिथंच वाकून राहिला. ठकूबाईला वाटलं, बिचारा हिरमुसला.

"काकी, हा कुठल्या मेकॅनिककडं दिला होता का कधी?"

"छ्या. ह्यांच्याबिगर कुणाचा हात लागला न्हाई त्याला."

सुदर्शनने बॅटरी तिच्या हातात दिली आणि तिला जवळ बोलावलं.

"रंगीतच आहे हा, काकी. फक्त रंगाची तार कुणीतरी सोडवून ठेवलीय. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, अगदी जपून."