भैरोबाच्या चढावरची फियाट

"थांब, आधी खाली उतर, तुला ओवाळते," आई म्हणाली.

भैरोबाच्या चढावर माझी जुनी फियाट फुरफुरत होती. जिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या, तिचं इंजिन मी व्हिडिओ बघून बघून बांधलं होतं. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. हॅन्डब्रेकची वायर तेवढी मिळाली नव्हती, म्हणून मागच्या चाकांना दगड लावून उतरलो.

ओवाळून झालं. मी देवळाकडे वळून हात जोडले, तेवढ्यात आईने दगड काढून तिथे लिंबं ठेवली. "देवाच्या दारात चाकाला धोंडे कसले लावतोस?"

लिंबं फुटली. हार घातलेली फियाट उलटी सुटली, मागोमाग आम्ही दोघं पळत, आणि ती धाडकन वडावर. मागची अर्धी गाडी चेपली, सांगाडा वाकला.

मी बॉनेटला कान लावला. "आई, इंजिन चालूय अजून. ऐक ना, एक ठोका चुकत नाहीये."

आई धापा टाकत आली, डोळे पुसत. "मग बंद कर की रे. फुकट पेट्रोल जळतंय."

चावीकडे हात गेला. पण बंद केली, की ही थेट भंगारात जाणार होती.

"थोडं चालू दे," मी म्हणालो. आई वडाखाली माझ्या शेजारी बसली.