आमच्या घराण्यात नाही

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा, एका हुशार बापाची गोष्ट सांगतो.

शाळेनं दोनदा चिठ्ठी पाठवली, तेव्हा कुठं वकीलसाहेब सहा वर्षांच्या लेकीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. वेळ कालची होती, साहेब आज उगवले. पोरीचं लक्ष कशातच टिकत नव्हतं, आणि तिला नेमकी मदत मिळायची तर घरच्यांनी खरं सांगणं भाग होतं.

"हा अतिचंचलपणा पुष्कळदा आईवडिलांकडूनच येतो," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुणाला विसरायची, कामं अर्धवट..."

"हिच्या आईकडं विचारा!" साहेबांनी वाक्य तोडलं. "आमच्या सात पिढ्यांत असलं ध्यान निपजलेलं नाही!"

मग पाय हलवत, दोनदा फोन बघून, एकदा खिडकीत डोकावून त्यांनी बाईंनी पुढं केलेल्या फॉर्मवरचे प्रश्न न वाचताच वडिलांच्या रकान्यात सगळीकडे 'नाही' लिहिलं. बाईंचं पेन स्वतःच्या खिशाला लावलं आणि "मला वेळ नाही, कळलं?" असं सुनावून ताडताड निघून गेले. खाली गाडी सुरू झाली, गेलीसुद्धा.

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, दुसरं पेन काढलं आणि फॉर्मच्या तळाशी लिहिलं, 'वडिलांनाही तपासणीला बोलवावे.'



एवढं करा, मायबापहो, त्या कोपऱ्यात ठोकळे रचत बसलेल्या लेकीची आठवण ठेवा. बापाला राहिली नाही.