फुंकर

शांती नगरात रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली आणि अख्ख्या बिल्डिंगचं नेट गेलं. निकेतला तेवढंच हवं होतं. त्यानं माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, मॉडेम लँडलाइनला जोडला आणि घरातले सगळे फोन त्या एका खटाऱ्यावरून चालवायचा चंग बांधला.

"भंगारात दे ते," त्याची बायको स्वाती म्हणाली.

मॉडेमनं नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी फोन उचलला. स्पीकरमधून हलकीशी फुंकर ऐकू आली, मग मॉडेमची ती जुनी कर्कश किंचाळी, आणि स्वातीच्या मोबाइलवर धडाधड मेसेज यायला लागले.

"लागलं! बघ, लागलं!" निकेत नाचायचाच काय तो बाकी होता.

स्वाती हसत हसत स्क्रीनकडे वळली आणि थबकली.

"निकेत, हा नेट कंपनीचा नंबर नाहीये. आपल्या परळच्या खोलीचा आहे. सवयीनं तोच टाकलास तू."

निकेतची आई त्याच खोलीत वारली होती. नंतर ती चाळही पाडली.

स्पीकरमधून पुन्हा फुंकर आली. स्वातीनं वायर उपटायला हात घातला, तो निकेतनं घट्ट धरला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"थांब ना," तो म्हणाला. "फोन उचलला की आई आधी फुंकर मारते. मग बोलते."