बारशाच्या दारातला तांबडा दिवा

मोरेश्वररावांनी लेकीच्या दारावरच्या नळीत फुंकर मारली आणि तांबडा दिवा लागला. "आतड्याची भिंत झिरपते आहे. प्रतिकारशक्ती बिथरली आहे. बाळाजवळ जाता येणार नाही," दार अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं बोललं.

नातीला मांडीवर घ्यायचं म्हणून ते पहाटेच निघून बारशाला आले होते. ते पायरीवर मटकन बसले. विहीणबाई आणि बाळाची आत्या तिथे आधीच बसलेल्या होत्या.

"बाबा, काल काय खाल्लंत?" लेकीने आतून विचारलं.

"एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी, वडे आणि खीर."

"म्हणजे चोथा अजिबात नाही. पोटातले जंतू उपाशी राहिले, की आतड्याचं अस्तरच कुरतडतात."

"उपास माझा होता. त्यांना कोणी धरायला लावला?"

"आमचंही तेच झालं," विहीणबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या आणि त्यांनी कच्च्या कांद्यांची टोपली पुढे सरकवली. "खा. कांद्याने जंतू खूश होतात. संध्याकाळपर्यंत हिरवा लागेल."

दिवसभर तिघं डोळे पुसत कांदे चावत राहिले. दिवेलागणीला दार एकदाचं उघडलं. मोरेश्वररावांनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्यावर वाकून विचारलं, "ओळखलंस का आजोबांना?"

पोरीने नाक मुरडलं आणि असा टाहो फोडला, की लेकीने तिला उचलूनच नेलं.

मोरेश्वरराव रिकाम्या मांडीकडे बघत राहिले. "पुढच्या एकादशीला मी सरळ भाजी-भाकरी जेवणार," ते दमून म्हणाले. "देव रागावला तरी निदान असा रडत नाही."