रांधणारीच जेवत नाही

पोरगी स्वतः जेवत नाही आणि दुसऱ्याच्या घासाकडं टक लावून बसते, ही कुठली रीत? लान घरात आल्यापासून सरजाबाईचं डोकं ह्याच गोष्टीनं तापलेलं होतं. ताट वाढलं की ही पोरगी आधी एकेकाच्या तोंडाकडं बघून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. मग हात मांडीवर ठेवून गप्प. पोरगा धम्मानंद जेवून उठायचा, माहेरी आलेली लेक सुकेशनी जेवून उठायची. सगळ्यांचं झाल्यावर सरजाबाई ओट्यापाशी उरलंसुरलं घेऊन टेकायची, तेव्हा ही आपलं गार झालेलं ताट उचलून बरोबर समोर येऊन बसणार. सरजाबाईचा पहिला घास पोटात गेला, की मगच हिचा हात ताटात जाणार.

"तुमचे घास मोजायलीय," शेजारची कडूबाई म्हणाली. "न्हाईतर कायतरी कालवलं असंल अन्नात. लागू पडलं का, ते बघायलीय."

"करणी-बिरणी आमच्यात मानत न्हाईत. तुझं तुझ्यापाशी ठेव," सरजाबाईनं तिला तिथंच तोडलं. पण त्या दिवशी आमटी ताटात घ्यायच्या आधी तिनं ती तळापासून ढवळून बघितली.

धम्मानंद व्हिएतनामला कंपनीत नोकरीला होता. लान तिथलीच. पूर्णेच्या विहारात गेल्या गेल्या तिनं बुद्धापुढं गुडघे टेकले, तेवढंच काय ते सरजाबाईला बरं वाटलं होतं. धम्मानंदनं पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "माय, तू हो म्हणलीस तरच लग्न. न्हाई म्हणलीस तर हिला माघारी सोडून येतो, पुन्हा नाव काढणार न्हाई." असं बोलून तो मोकळा झाला आणि झोप सरजाबाईची उडाली. तिनं मनाशी ठरवलं. सेलूचे पाहुणे, म्हणजे सुकेशनीच्या सासरची माणसं, रविवारी जेवायला यायची होती. तेवढं पार पडू द्यायचं. त्यांची पाठ वळली की पोराला सांगायचं, न्हाई.

त्यात लाननं हट्ट धरला, पाहुण्यांचं जेवण मीच करणार.

सरजाबाई दारात पाट टाकून पहाऱ्याला बसली. लाननं तिकडून आणलेली बाटली उघडली. आत तांबूस पाणी. वास असा, की गल्लीतलं मांजर खिडकीत येऊन बसलं. मासळी मातीच्या गाडग्यात तपकिरी रसात रटरटत होती. तांदळाचे पापडासारखे पातळ कागद ती पाण्यात बुडवायची, त्यात काकडी, पुदिना, कोथिंबीर ठेवून हलक्या हातानं गुंडाळी करायची. शेंगदाण्याची चटणी तेवढी ओळखीची दिसली. हात सफाईचा होता, हे सरजाबाईला दिसत होतं. हात सफाईचा असला म्हणजे मन साफ असतं असं थोडंच हाय, असं म्हणून तिनं पाट आणखी पुढं सरकवला.

पाहुणे सतरंजीवर बसले. लानलाही सुकेशनीशेजारी बसवलं. सरजाबाई पळी घेऊन वाढायला उभी राहिली. पाहुण्यांनी गुंडाळ्या उलटसुलट करून बघितल्या, चटणीत बुडवल्या, आणि बघता बघता परात निम्मी झाली. मासळीही भाताबरोबर उठायला लागली. सरजाबाईचा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात विहीणबाईंचा हात ताटातच थांबला.

"सरजाबाई, ही पोरगी खायना की."

सगळ्यांचे हात थांबले. लानच्या ताटाला बोट लागलेलं नव्हतं. हात मांडीवर, नजर एकेकाच्या तोंडावर.

"रांधणारीच जेवत न्हाई, मग आमी कसं जेवावं?" विहीणबाईंनी ताट पुढं सारलं. त्यांच्या लेकानंही सारलं. सुकेशनी खाली बघायला लागली. तिला उद्या त्याच घरी नांदायला जायचं होतं.

सरजाबाईची कानशिलं तापली. पाहुण्यांच्या माघारी बोलायचं ते तिनं आत्ताच बोलायचं ठरवलं. "धम्मानंद, इच्यार तिला. काय घातलंय ह्याच्यात, अन् का जेवत न्हाई? सगळ्यांदेखत सांगू दे."

धम्मानंदनं इंग्रजीत विचारलं. लान घाबरली. मग हळूच काहीतरी बोलली आणि सरजाबाईकडं हात केला. ऐकता ऐकता धम्मानंदचं तोंड उतरलं. तिकडं तो कंपनीच्या खानावळीत जेवायचा. हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"माय, त्यांच्यात धाकट्यांनी आधी एकेका थोरल्याला 'जेवा' म्हणायचं. ती पुटपुटती ते हेच. मग घरातल्या थोरलीनं घास घेतल्याबगर ताटाला हात लावायचा न्हाई."

"मी हाय की थोरली," विहीणबाई म्हणाल्या. "चांगल्या दोन गुंडाळ्या खाल्ल्या."

"ती म्हणती, ह्या घराची थोरली अजून उभीच हाय."

सरजाबाईच्या हातातल्या पळीतून रस जमिनीवर ठिबकायला लागला. ह्या घरात ती लग्न होऊन आली तेव्हापासून किती पंगती उठल्या असतील. सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, लेकरांच्या. उरलं का, असं तिनंच भांड्यात डोकावून बघायचं. तिच्यापायी घास कुणी थांबवला नव्हता. पोटच्या पोरानंही नाही.

तिनं पळी धम्मानंदच्या हातात दिली. "वाढ आता तू." मग सुकेशनीला सरकवून ती लानच्या शेजारी, पाहुण्यांच्या पंगतीत बसली. मासळीचा तुकडा भातात कालवून तोंडात घातला. सावकाश चावला. विहीणबाईंसकट सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

घास गिळून तिनं लानकडं बघितलं.

"मासळी लय गोड केलीस. लग्न झाल्यावर तिखट-मीठ माझ्या हातानं पडंल. जेव आता."