वलांडीवरची जोडी

नवरा-बायको दोघांचा रक्तगट ओ आणि मुलाचा बी निघाला, तेव्हापासून वाढवणच्या नारूने मुलाला होडीत घेणं बंद केलं होतं. रक्तपेशींवरच्या प्रथिनांना लटकलेल्या साखरेच्या साखळ्या हाच माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळे नारूचं रक्त मी मुद्दाम पुन्हा तपासलं आणि निकाल सांगायला त्याच्या दारात गेले. त्याची बायको मालू अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती.

"तुमचा गट खरा ओ नाहीच. एक साखर कमी आहे, म्हणून तसा दिसतो."

"साखर कमी? मग चहात वाढवू काय?" नारू पार गोंधळला.

मी वलांडीकडे बोट दाखवलं. "बोंबील जोडीने लटकवता ना, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून? तशाच या साखरा. तुमच्यात पहिलीच नाही, तर बी गटाची दुसरी अडकणार कशाला? मुलाला पहिली आईकडून मिळाली, आणि तुमच्यात लपून राहिलेली दुसरी तुमच्याकडून."

नारूने वलांडीवरच्या एका जोडीचे जबडे सोडवून पुन्हा अडकवले. मग एकदम ओरडला, "मालू, पोरगा माझाच! समजलं मला!"

मालूने हातातली जोडी वलांडीवर टाकली. "मला नाही समजलं."

मी पुन्हा समजवायला पुढे सरसावले.

"साखरेचं समजलं हो बाई," ती म्हणाली. "मी वर्षभर दर्याची शपथ घेऊन सांगत होते, ते यांना खोटं वाटलं. आणि या मेलेल्या बोंबलांचं लगेच खरं वाटलं, ते कसं?"