रविवारची फुलं

"बाबा मागे बसले तरच मी बसणार," असं म्हणून नूपुर काठावरच अडून राहिली. केशरी लाइफ जॅकेट तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होतं.

पवनेच्या पाण्यावरचं धुकं अजून विरलं नव्हतं. तंबूंच्या ओळीतून चहाचा वास येत होता. रिकामी कयाक काठाशी डुलत होती. वैभवने वल्हं धनेशपुढे धरलं.

"घ्या भावोजी. सायकलपेक्षा सोपं आहे."

"थंडी आहे रे," धनेश म्हणाला. "मामा आहेस ना, तूच ने तिला."

"डिसेंबरात धरणावर यायचं आणि थंडीची तक्रार करायची. परत गेल्यावर लालबागमध्ये सांगू नका कुणाला."

सुमेधा भावाच्या बोलण्यावर हसली. मग नवऱ्याकडे बघून तिने हसू आवरलं. तिला खरं कारण ठाऊक होतं. ते मागे प्लास्टिकच्या खुर्चीत शाल पांघरून बसलं होतं. रमाबाई, धनेशची आई. मार्गशीर्ष चालू होता. उजाडायच्या आत गार पाण्याने आंघोळ करून त्या माळ ओढत बसल्या होत्या. नेमाची माळ झाल्याशिवाय त्या चहाही घेत नसत, मग लालबाग असो की पवना.

धनेश आठ वर्षांचा असताना त्याचे वडील गावच्या खाडीत बुडाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि आईने त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. पाण्यात पाय घालायचा नाही." त्याने मान हलवली होती. शपथ मोडली तर जिच्या गळ्याची ती घेतली तिचंच बरंवाईट होतं, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. घालणाऱ्याने तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हेही. आईने ते कधी म्हटलं नाही. त्यानेही कधी मागितलं नाही. गणपती विसर्जनाला तो चौपाटीच्या कोरड्या वाळूत उभा राहून हात जोडायचा.

मग नूपुर झाली, मोठी होऊ लागली, आणि त्याला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडू लागलं. पोर पाण्यात आहे आणि आपण काठावर हात जोडून उभे आहोत. शेवटी त्याने दादरच्या तरणतलावात रविवारच्या बॅचला नाव घातलं. घरी सांगितलं, "आई, तुझ्या पूजेला फुलं आणायला जातो दादरला. ताजी मिळतात." खोटं अगदीच खोटं पडू नये म्हणून येताना फुलबाजारातून खरंच शेवंती आणायचा, अष्टर आणायचा. पिशवीत तळाला ओला टॉवेल, वर फुलांचा पुडा.

पण मन खात राहायचं. सोमवारी आईला नुसती शिंक आली तरी तो तिच्या कपाळाला हात लावून बघायचा. पावसाळ्यात तिचं बीपी वाढलं तेव्हा त्याने पोहणं सोडूनच दिलं होतं. ती बरी झाल्यावर, देवापुढे नाक घासून, पुन्हा जाऊ लागला.

आई पुडा हातात घ्यायची, सोडून फुलं परडीत काढायची. एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली होती. इतर दिवशीची फुलं देव्हाऱ्यात जायची. रविवारची सगळीच्या सगळी बाबांच्या फोटोला. असेल काहीतरी व्रत, असं तो धरून चालला. आईच्या नेमात कुणी तोंड घालत नसे.

"बाबा पाण्याला घाबरतात," नूपुर मामाला समजावून सांगत होती, मोठ्या माणसासारखं तोंड करून. "आमच्याकडे सगळेच घाबरतात. आजी पण. आता मी पण घाबरणार."

आणि ती जॅकेटचं बक्कल सोडू लागली.

माळ थांबली. खुर्ची करकरली. रमाबाई निऱ्या सावरत चिखलातून सावकाश पाण्याशी आल्या. वाकून त्यांनी चूळभर पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं. कुठल्याही पाण्यात पाऊल टाकण्याआधी त्याची क्षमा मागतात, तसं. मग वैभवच्या हातातलं वल्हं काढून घेतलं आणि धनेशच्या हातात दिलं.

"सुटली," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"शपथ सुटली रे झिला. बस तिच्या मागे."

वैभवला यातलं काहीच कळलं नाही. "अहो मावशी, मग भावोजींनाही जॅकेट घालू दे. पोहता येत नाही ना त्यांना."

"घाल जॅकेट," रमाबाई मुलाला म्हणाल्या. "पण येतं त्याला."

धनेशच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. वर बघायचा त्याला धीर होईना. आईच्या पायांकडे, चिखलाने भरलेल्या तिच्या बोटांकडे बघत त्याने कसंबसं विचारलं, "तुला कधी कळलं?"

रमाबाईंनी नातीचं बक्कल पुन्हा लावलं, ओढून घट्ट केलं.

"पहिल्याच रविवारी. तुझ्या फुलांना त्या तलावातल्या औषधाच्या पाण्याचा वास येतो. देवाला कशी वाहू? म्हणून तुझ्या बाबांना वाहते. सांगते त्यांना, आजही पोरगा पाण्यातून परत आला."